पिशवीबरोबर आलेली कुंडी

माझी बायको शुभदा गेली हे मला कळलं तेव्हा मी रिक्षात होतो. खोपटच्या एसटी डेपोसमोर सिग्नल लागलेला, आणि माझ्या मांडीवर मऊ खिचडीचा डबा. सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला होता, की पेशंटला आयसीयूतून वॉर्डात हलवलंय, आता घरचं काहीतरी पातळ आणलंत तरी चालेल. म्हणून मी खिचडी केली. स्वतः केली. मीठ चाखून बघितलं, परत चाखलं. मग हा दुसरा फोन. तो दुसऱ्याच माणसाचा होता. त्याने मला आधी बसून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, मी बसलेलोच आहे, रिक्षात आहे. तो म्हणाला, “बरं.” आणि मग सांगितलं.

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने विचारलं, “हॉस्पिटललाच ना काका? शॉर्टकटने घेऊ?”

मी म्हटलं, “नको. आता घाई नाही.”

गमतीची गोष्ट अशी सुरू करायची नसते, मला कळतं. पण ती कुंडी त्याच दिवशी माझ्या हातात आली, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

झालं असं, की माझा मेहुणा त्र्यंबक डोंबिवलीहून आला आणि त्याने सगळे कागद बघितले. मी बाकावर बसून होतो. थोड्या वेळाने वॉर्डातली एक मावशी आली आणि तिने शुभदाची कापडी पिशवी माझ्याकडे दिली. चष्मा, कंगवा, नॅपकिन, स्लिपर. पिशवीला तिच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती. मग तिने दुसऱ्या हातात एक कुंडी दिली. “हे पण तुमचंच ना? त्यांच्या बेडजवळ खिडकीत होतं.”

मी हो म्हटलं. त्या दिवशी तिने मला एक्स-रेचं मशीन दिलं असतं तरी मी हो म्हणून उचललं असतं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी मी ती कुंडी नीट बघितली. कुंडीत माती नव्हती. कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. त्यातून उसाच्या कांड्यांसारखे, पण बोटाएवढे जाड दांडे आलेले. त्यांना लांबट पानं. फूल नाही, कळी नाही, चिठ्ठी नाही. माझी मुलगी रुचिता म्हणाली, “बाबा, हे ऑर्किड वाटतंय. कुणीतरी आईला भेट दिलं असणार. कुणी दिलं?”

मला माहीत नव्हतं. वॉर्डात ती एकच सकाळ होती आणि मी पोचलो नव्हतो. त्या सकाळी कोण आलं, तिच्याशी काय बोललं, हे मला माहीतच नव्हतं. एवढ्या वर्षांत मला माहीत नाही अशी तिची सकाळ मला आठवत नाही.

मी रुचिताला म्हटलं, “शोधून काढतो. कोणी दिलं ते, आणि हे नक्की कसलं आहे ते पण.”

हे मी उगीच म्हटलं नव्हतं. माझी सगळी नोकरी एसटीत झाली, आणि त्यातली शेवटची वर्षं खोपटच्या डेपोत, सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. बसमध्ये लोक काय काय विसरतात ते मी बघितलंय. छत्र्या आणि डबे तर सोडाच. एकदा एक कवळी आली होती. चिठ्ठी नाही, पत्ता नाही, नुसते दात. मी मालक शोधला. कसा ते विचारू नका, जेवण जाणार नाही. पण डेपोत अजून सांगतात, की सहदेवच्या टेबलावर वस्तू आली की ती घरी पोचली म्हणून समजा. तर मग माझ्याच घरातली एक कुंडी म्हणजे काय.

सुरुवात भेटायला येणाऱ्यांपासून केली. लोक यायचे, समोर बसायचे, गप्प राहायचे. मग म्हणायचे, “फार वाईट झालं.” मी म्हणायचो, “हो. ते झाड तुम्ही दिलंत का?”

लोक दचकायचे. काहीजण दाराकडे बघायचे. दोघी बायका तर खाली जाऊन म्हणाल्या, की सहदेवरावांच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना एकटं ठेवू नका.

शेवटी मी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. लिहिलं, “शुभदाला हे झाड भेट मिळालं आहे. कोणी दिलं? असंच कोणाकडे असेल तर सांगा.”

मी साधं लिहिलं होतं. पण आमच्या कोलशेतच्या सोसायटीत मेसेज पूर्ण वाचायची पद्धत नाही. बी विंगेत असा अर्थ लागला, की वहिनींच्या आठवणीत सहदेवराव झाडं गोळा करतायत. संध्याकाळी पहिली तुळस आली. दुसऱ्या दिवशी कोरफड, मनी प्लांट, दोन शेवंत्या. आमच्याकडे सुतक असलेल्या घरी लोक पिठलं-भाताचे डबे आणून देतात. माझ्याकडे कुंड्या येऊ लागल्या. देणारा माणूस डोळ्यांत पाणी आणून द्यायचा, त्यामुळे परत करता यायची नाही. एकाने पपईचं रोप आणलं. चौथ्या मजल्यावर. तो म्हणाला, “वहिनींना पपई आवडायची ना.” तिला पपईचा वासही चालत नव्हता. मी ठेवून घेतलं.

गॅलरी भरली. पाणी घालायला लागलो तर ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. खालचे वर आले ते भांडायला, पण घरातला दिवा बघून त्यांना भांडता येईना. तेही जाताना म्हणाले, “आमच्याकडे एक गुलाब आहे, पाठवतो.”

आणि या सगळ्यात ज्याने दिलं तो काही पुढे आला नाही.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. मुलगा नाही, त्यामुळे सगळं मीच केलं. पिंड ठेवले आणि लांब उभे राहिलो. कावळे होते. कुंपणावर होते, दिव्याच्या खांबावर होते. पण एकही खाली येईना. आमच्या शेजारच्या मनुबाई, मूळच्या कोलशेत गावातल्या, खाडीवर मासळीचा धंदा केलेल्या, त्याही आल्या होत्या. त्या कावळ्यांवरच डाफरल्या. “काय रं मेल्यांनो, रोज तिचे हातची चपाती खाल्लीव नं? आता लाज वाटते काय?”

गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी.”

रुचिता म्हणाली, “आई, मी बाबांकडे लक्ष देईन.” कावळा हलला नाही. मी म्हटलं, “गोळ्या वेळेवर घेईन.” कावळ्याने मान वळवली. त्यालाही ते पटलं नसावं. रुचिता रडत म्हणाली, “त्यांना बाहेरचं खाऊ देणार नाही.” तरी नाही. ऊन चढलं. गुरुजींना पुढे डोंबिवलीत काम होतं, ते पिशवीत हात घालून दर्भ चाचपायला लागले. म्हणजे आता दर्भाचा कावळा करणार.

तेवढ्यात त्र्यंबक पुढे झाला. त्र्यंबकला दुसऱ्याच्या वतीने कामं अंगावर घ्यायची सवय आहे. तो खाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “ताई, ते झाड कुणी दिलं आणि त्याचं नाव काय, ते भावोजी शोधून काढतील. आणि त्याला येणारं पहिलं फूल तुझ्या फोटोला वाहतील.”

कावळा खांबावरून सुटला तो सरळ पिंडावर. नुसता शिवला नाही, बसून खायला लागला. मग बाकीचे आले.

सगळ्यांनी हात जोडले. मनुबाई रडायला लागल्या. मला वाटतं, तोपर्यंत त्याला भूक लागली असावी. पण हे मी तिथे बोललो नाही.

परतताना मी त्र्यंबकला म्हटलं, “शब्द देण्याआधी मला विचारायचं तरी.”

“भावोजी, मी बोललो म्हणून ती सुटली. आता तुम्ही पूर्ण केलं नाहीत तर ती अडकून राहील.”

“आणि नाव सापडलं नाही तर?”

“कवळीचा मालक सापडतो आणि झाडाचं नाव सापडणार नाही?”

मला त्याच्या बोलण्यावर विश्वास नव्हता. पण रात्री दिव्याकडे बघताना माझ्या मनात एवढंच यायचं, की समजा असलं तर. ती तिकडे दारात उभी आहे आणि माझ्यामुळे तिला आत घेत नाहीत, असं असलं तर.

मग मी कामाला लागलो. रुचिताच्या फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप होतं. पहिल्या फोटोला त्याने सांगितलं ऊस. दुसऱ्याला आलं. तिसऱ्या वेळी मीच चुकून फोटोत आलो, तर ते म्हणालं, ओळखता येत नाही, उजेडात या.

मनुबाईंना दाखवलं. त्यांनी दांडा दाबून बघितला. “ह्यो त बांडगूल हाय दादा. आमचे आंब्याचे झारावर असाच यायचा. घरान नको ठेवू.”

“हॉस्पिटलात कोण कोणाला बांडगूळ देईल हो?”

“आता ते देणाऱ्याला इचार.”

तेच तर करत होतो.

गॅलरीत जागा उरली नव्हती, तर हे झाड मी जिन्याच्या खिडकीत ठेवलं. तिथे ऊनही सौम्य येतं. आणि काही दिवसांत त्याची पानं कमी व्हायला लागली. रोज सकाळी बघावं तर एक पान गायब. कुरतडलेलं नाही, देठापासून साफ. मी भिंगाने बघितलं. अळी नाही, किडा नाही. एवढं नीटनेटकं खाणारा किडा मी आयुष्यात बघितला नव्हता. दुकानदाराला विचारलं, तर त्याने कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारायला सांगितलं. मी फवारलं. किडा दिसत नव्हता म्हणून जरा जास्तच फवारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आनंदराव आले. हे आमच्याच मजल्यावर राहतात, बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती आहे. चेहरा उतरलेला, एक हात पोटावर.

“सहदेवराव, तुम्ही त्या इन्सुलीनला काही मारलंत का?”

“कुठल्या इन्सुलीनला?”

“जिन्यातल्या. इन्सुलीनचं झाड आहे ना ते? रोज सकाळी अनशापोटी एक पान चावायचं, साखर उतरते.”

मी गायब झालेली पानं मनात मोजत होतो. त्यांना वाटलं मला पटलं नाही.

“अहो, मी स्वतः घेतोय. रोज घेतोय. काल सकाळपासून मात्र बाथरूममधून बाहेर आलेलो नाही.”

“आनंदराव, ते ऑर्किड आहे.”

“कशावरून?”

तेच तर मी शोधत होतो.

“ते शुभदाचं आहे,” मी म्हटलं.

तेव्हा ते खाली बसले. पायरीवरच. मग म्हणाले, “मला विचारायला पाहिजे होतं. वहिनींना माफी सांगा माझी.” आणि उठताना, अगदी हळू, “साखर उतरली होती हो पण.”

झाडाला मोजकी पानं उरली होती आणि तीही तेलकट. मी घाबरलो. नावाचं राहू दे, ते मेलं तर फूल कुठून येणार? त्र्यंबकला फोन केला. तो म्हणाला, “आमच्या डोंबिवलीत भाविका म्हणून एक बाई आहे. सीए आहे, पण घरात माणसांपेक्षा ऑर्किड जास्त. तिच्याकडे घेऊन या.”

मी एसटीने निघालो. कुंडी मांडीवर. मांडीवर काही घेऊन बसलो की मला आता बरं वाटत नाही, पण खाली ठेवली तर कोणाचा तरी पाय लागला असता. शीळफाट्याला बस अडकली, ती कोणी गाडी बंद करून खाली उतरेल इतकी अडकली. ड्रायव्हर उतरलाच. मग अख्खी बस माझं झाड ओळखायला लागली. मागचा म्हणाला वेलदोडा. पुढची बाई म्हणाली, वेलदोडा नाही, आमच्या गावाला हे हाड मोडल्यावर बांधतात. कंडक्टर मला ओळखणारा निघाला. तो म्हणाला, “साहेब, विसरून जाऊ नका हां बसमध्ये. आता तिथे शोधणारं कोणी नाही.” सगळे हसले. मीही हसलो. शुभदा गेल्यावर पहिल्यांदा हसलो, आणि लगेच बाहेर बघायला लागलो.

भाविकाने कुंडी हातात घेतली, पानं पुसली, मुळं बघितली. आधी म्हणाली, “जगेल हे काका. काळजी करू नका. तेल कोणी मारलं एवढं?”

“माझ्याकडून झालं. नाव काय याचं?”

“डेन्ड्रोबियम आहे. पण ते आडनाव झालं. त्यात शेकडो प्रकार असतात, त्यात परत नर्सरीवाले मिश्र जाती काढतात. फूल आल्याशिवाय नक्की नाव कोणीच नाही सांगू शकणार. मी पण नाही.”

“चिठ्ठी असते का याला?”

“असते ना. ही बघा.” तिने कुंडीच्या कडेवरचा चिकट डाग दाखवला. नखाने खरवडल्याच्या खुणा होत्या. “नर्सरीवाले एकाच स्टिकरवर नाव छापतात आणि खाली किंमत. आपल्या लोकांना भेट देताना किंमत दिसलेली चालत नाही. ती काढायला गेले आणि नावही गेलं. माझ्याकडे अशी कितीतरी येतात, निनावी. त्यातून फूल नसलेलं घेतलंय, म्हणजे स्वस्तातलं. ज्याने दिलं त्याला लाज वाटत असणार.”

मला तो माणूस आवडला. किंमत खरवडणारा. कोण असेल?

“काका, एक विचारू? हॉस्पिटलमध्ये चौकशी केलीत?”

मी कुंडी स्वतःकडे ओढून घेतली.

डेपोत आमच्या खोलीत नवीन माणूस आला की मी त्याला पहिली गोष्ट हीच शिकवायचो. वस्तू जिथे सापडली तिथे आधी विचार. मग बाकीचं जग. आणि मी सोसायटी विचारली, खाडीवरचा कावळा झाला, शीळफाट्याची बस झाली. तिथे गेलो नाही. त्या रस्त्याने रिक्षा जायला लागली तर मी दुसरीकडून घ्यायला सांगायचो.

“जाऊन या,” भाविका म्हणाली. “झाड घेऊन जा. कुणीतरी ओळखेल.”

गेलो. त्याला बरेच दिवस लागले, पण गेलो. गेटवरच्या वॉचमनने कुंडी बघितली आणि माझ्या मागेच वर आला. मला वाटलं आदराने येतोय.

वॉर्डात संचिता म्हणून सिस्टर होत्या. रुचितापेक्षा लहान असतील. त्यांनी झाड बघितलं आणि हातातलं काम टाकून उठल्या.

“अय्या, हे सापडलं? कुठे होतं?”

“माझ्याकडे.”

वॉचमन म्हणाला, “बघा सिस्टर. मी सांगत होतो ना, मी नाही घेतलं.” आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खोपटला दुसऱ्याची छत्री उघडून चाललेल्या माणसाकडे बघायचो.

सिस्टरनी मला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. ते झाड शुभदाचं नव्हतंच. पलीकडच्या बेडवर कल्याणच्या गंगुबाई होत्या. त्यांना त्यांच्या जावयाने दिलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावयाने सासूला स्वतःहून काही दिलेलं नव्हतं, ही पहिली वस्तू. सासू सगळ्या वॉर्डला दाखवत होती. त्या सकाळी शुभदाला वॉर्डात आणलं, तिचा बेड खिडकीपाशी. सिस्टरनी झाडाला ऊन मिळावं म्हणून ते गंगुबाईंना विचारून तिच्या खिडकीत ठेवलं. मग धावपळ झाली. आणि मावशीने पिशवीबरोबर ते मला दिलं.

“गंगुबाईंचा दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाला. झाड नाही. काय भांडली हो त्यांची मुलगी. जावयाने आयुष्यात एक गोष्ट दिली, ती तुम्ही हरवलीत म्हणे. गंगुबाई तर रडल्याच.”

सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत इतकी वर्षं काढलेला माणूस दुसऱ्याची वस्तू घेऊन घरी गेला होता. तिच्यावर तेल फवारलं होतं. आनंदरावांना खायला घातली होती. तिच्या नावाने पिंडाला कावळा शिववून घेतला होता.

मी उठलो. कुंडी टेबलावर ठेवली. म्हटलं, “तुम्हीच पोचवा त्यांना. मी निघतो.”

“बसा ना काका. तुमच्या मिसेस आठवतात मला. शुभदाताई ना?”

मी परत बसलो.

“बऱ्या होत्या हो सकाळी. गप्पा मारत होत्या. हे झाड बघत होत्या सारख्या. मला विचारलं, हे कसलं झाड गं? मी म्हटलं, नाही माहीत ताई, ऑर्किड म्हणतात एवढं माहीत आहे. तर म्हणाल्या, असू दे, आमचे हे येतायत दुपारी, त्यांना लावते कामाला. ते काहीही शोधून काढतात.”

वॉचमन अजून उभा होता. तो तिथून गेला.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “मीच देतो नेऊन गंगुबाईंना. माझ्याकडून गेलंय, मीच देतो.”

सिस्टरनी गंगुबाईंच्या मुलीला फोन लावून विचारलं, आईंचा नंबर दिला तर चालेल का, एक ओळखीचे काका आहेत म्हणून. मग नंबर माझ्या फोनमध्ये टाकून दिला. झाड सापडल्याचं मुद्दाम सांगितलं नाही. म्हणाल्या, “तुम्हीच सांगा, त्यांना बरं वाटेल.” मी कुंडी उचलली आणि घरी आलो.

त्र्यंबकला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्र्यंबक गप्प असणं हीच बातमी आहे. मग म्हणाला, “म्हणजे ताईने खरंच विचारलं होतं. मी तर कावळा येईना म्हणून सुचेल ते बोललो होतो.”

“आता काय करू?”

“सोपं आहे. अगदी असंच दुसरं विकत घ्यायचं आणि त्या बाईंना द्यायचं. हे आपल्याकडे ठेवायचं.”

“असंच म्हणजे कसलं? नाव काय सांगू दुकानात?”



“मग जावयाला विचारा. त्याने घेतलंय, त्याला माहीत असेल.”

“त्याला विचारायचं तर गंगुबाईंना फोन करावा लागेल.”

“करा.”

“केला की झाड द्यावं लागेल.”

“मग आधी फूल येऊ दे.”

“तोपर्यंत ती बाई रडतेय.”

“भावोजी,” तो म्हणाला, “तुम्ही कवळीच शोधत जा.” आणि फोन ठेवला.

भाविका व्हिडिओ कॉलवर झाड बघते. तिने सांगितलं तसं मी पाणी घालतो, बेताने. आता ते बैठकीच्या खिडकीत आहे, आनंदराव पोचणार नाहीत अशा ठिकाणी. ते येतात मात्र रोज. लांबून बघतात, हात मागे बांधून. पपई मनुबाईंनी खाली अंगणात लावली, तुळस दारात ठेवली, बाकीच्या कुंड्या गेटपाशी गेल्या. दोन नवीन पानं आली आहेत, आणि एका दांड्याच्या टोकाला हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. भाविका म्हणते ती कळी असू शकते, पान पण असू शकतं. थांबा.

मी थांबलोय. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसतो आणि फोन समोर ठेवतो. एकदा नंबर लावलाही होता. रिंग वाजली. एक म्हाताऱ्या बाई बोलल्या, “हॅलो, कोण?” आवाज दमलेला होता, पण बऱ्या वाटत होत्या. मी काय सांगणार होतो ते ठरवून बसलो होतो, तरी मी नुसतं विचारलं, “तब्येत कशी आहे?” त्या म्हणाल्या, “बरी आहे. तुम्ही कोण?” मी म्हटलं, “हॉस्पिटलातून.” हे अगदी खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, “फार चांगली माणसं हो तुम्ही,” आणि मी फोन ठेवला.

झाडाचं नाव अजून कळलेलं नाही. फूल आलेलं नाही. आणि गंगुबाईंना त्यांचं झाड माझ्याकडे आहे हे मी अजून सांगितलेलं नाही.